अधिकृत गळती, एक नग

कापसाला भाव देणं काही सरकारला जमेना, म्हणून त्या वर्षी पॅकेज आलं, आणि पॅकेजातून बोरी अरबजवळच्या एका तांड्यावर अठ्ठावीस नळ आले. नळांना पाणी नव्हतं. पण कुणाची तक्रारही नव्हती, कारण तांड्यामागून जाणाऱ्या मोठ्या पाइपाचा व्हॉल्व्ह गळत होता आणि त्यावर सगळा तांडा सुखानं पाणी भरत होता. मानीबाईनं तर लेकीच्या, बबिताच्या, लग्नाचा बेत त्या व्हॉल्व्हच्या भरवशावरच केला होता.

लग्नाला महिना उरला असताना 'शून्य गळती गाव' स्पर्धा जाहीर झाली. शाखा अभियंता जातीनं आले, व्हॉल्व्ह आवळला, त्यावर लोखंडी पेटी बसवून कुलूप ठोकलं.

"साहेब, पोरीचं लगन हाय. पानी कुठून आनू?"

"नळातून."

"नळाले तं थेंब येत नाही."

"वा! म्हणजे नळही गळत नाही." साहेबांनी तशी नोंद केली. "मानीबाई, विज्ञानात याला बंद प्रणाली म्हणतात. झाकण लावलेला कुकर समजा. आतलं बाहेर येत नाही, बाहेरचं आत जात नाही. उष्णता तेवढी ये-जा करते."

"कुकराले शिटी असते, साहेब."

"ती मंजूर नकाशात नाही."

मानीबाईनं अर्ज केला. तो दारव्ह्याहून यवतमाळला गेला, यवतमाळहून दारव्ह्याला आला, तिथून ग्रामसेवकाकडे उतरला आणि त्यानं तो 'उचित कार्यवाहीस्तव' मानीबाईलाच दिला. वाटेत एक कागद सांडला नाही. मानीबाईचं डोकं तेवढं तापलं, पण उष्णतेला प्रणालीची हरकत नव्हती. तांडा दीड कोसावरून पाणी वाहू लागला.

तांड्याला बक्षीस लागलं. लग्न रविवारी, आणि बक्षीस समारंभ आदल्या शुक्रवारी, तांड्यावरच. समारंभाच्या पाहुण्यांच्या जेवणाचा मान मानीबाईनं मागून घेतला. आणलेल्या पाण्यात भाकरीचं पीठ मळलं, उरलेलं म्हशीला पाजलं.

"याडी, पाहुण्यायले?" बबितानं आईला विचारलं.

"त्यायले ठेचा वाढ."

मे महिन्याचं ऊन, गाडीतल्या बाटल्या रस्त्यातच संपलेल्या. दुसऱ्या घासाला प्रमुख पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तांब्या उचलला. रिकामा.

"पाणी!"

"कायचं पानी, साहेब? थेंब गळत नाही. त्याचंच तं बक्षीस देऊन राह्यले तुम्ही!"

प्रमुख पाहुण्यांनी शाखा अभियंत्याकडे नुसतं पाहिलं. अभियंता पाना घेऊन उष्ट्या हातानं धावत सुटले. पंगतीतच आदेश निघाला: 'अधिकृत गळती, एक नग, पुढील आदेशापर्यंत.' बक्षीसही कायम राहिलं. बबिताचं लग्न थाटात झालं, अभियंता जेवायला आले आणि तीन पेले पाणी प्याले. पुढील आदेश अजून प्रणालीत फिरतो आहे.

हसलात? खुशाल हसा. फक्त तुमचं शेवटचं सरकारी काम अर्जानं झालं की 'आपला माणूस आहे तिथं' म्हणून झालं, ते एकदा आठवा. तो आपला माणूस म्हणजे तुमचा व्हॉल्व्ह. फरक एवढाच की मानीबाईच्या व्हॉल्व्हवर सगळा तांडा पाणी भरतो, तुमच्या व्हॉल्व्हवर तुम्ही एकटेच.