गुलाबभाऊंचा खोकला

गुलाबभाऊ मुलाणींवर अन्याय झाला तो गेल्या रविवारी सकाळी, आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत, चहा यायच्या जरा आधी. चहानंतर झाला असता तर निदान चार जण तरी जागे असते. सचिवांनी ठराव वाचला : तीनदा घर नाकारणाऱ्या सभासदाचा हक्क संपला. असा सभासद एकच. सटासट हात वर झाले. मग चहा आला, आणि भाऊंनी पहिला कप उचलून सचिवांनाच दिला!

हे भाऊ संस्थेचे पहिले सभासद. कामशेतला सायकलचं दुकान आणि मागे चाळीत एक खोली. मावळातल्या डोंगरांवर शनिवार-रविवारचे बंगले उगवत होते, आणि त्या बंगल्यांना पाणी घालणारे आम्ही पत्र्याखाली राहत होतो. तेव्हा भाऊ पंक्चर काढता काढता गिऱ्हाइकाला सांगायचे, "आपलं बी घर व्हईल. समदे मिळून बांधू." चाकात हवा भरून होईस्तोवर माणूस सभासद झालेला असायचा. अशी कान्ह्याला पहिली इमारत उभी राहिली, मग टाकव्याला, मग कामशेतला. आता उर्स्याला चौथी. एकही बिल्डरच्या मेहरबानीवर नाही.

आणि प्रत्येक इमारतीत, सोडत निघण्याआधी, भाऊ खोकले.

थट्टा नाही करत. रिकाम्या घरात शिरायचं, आतून दार लावायचं आणि खोकायचं. मला बाहेर जिन्यात उभं करायचे. मग दार किलकिलं करून डोकं बाहेर.

"ऐकू आला का गं?"

"नाही आला, भाऊ."

"लय जोरात खोकलो की!"

मग पुढचं घर. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना खराच खोकला लागायचा, म्हणून मी खिशात खडीसाखर ठेवायचे.

आमच्या इंजिनिअरने ठरवलं, म्हातारा भिंतींचा दर्जा तपासतोय. कान्ह्याला मी म्हणाले होते, "खाकरल्यासारखं काहीतरी आलं," आणि भाऊंनी नकारार्थी मान हलवली होती. इंजिनिअरने मनाला लावून घेतलं. टाकव्याला भिंती जाड केल्या. कामशेतला दारं अशी भक्कम की आत बँड वाजला तरी शेजारी घोरत पडेल.

"आता खोका, भाऊ!" तो छाती काढून म्हणाला.

भाऊ खोकले. बाहेर चिडीचूप. इंजिनिअर खूश. भाऊंचा चेहरा मात्र पडला. "माझं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "ज्याच्या घरी पोरंबाळं हायेत त्याला द्या." याला आम्ही त्याग म्हणालो. तीन इमारती, तीन नकार, तीन शाली.

रविवारी सभेतून मी तावातावाने त्यांच्या खोलीवर गेले. "भाऊ, भांडायचं! सोडायचं नाही!" भाऊंनी मला बसायला पाट दिला आणि सहज खोकले.

लगेच पत्र्यापलीकडून रखमामावशी ओरडली, "भाऊ, आलं टाकून च्या देऊ का?"

"नगं गं!" ओरडून भाऊ माझ्याकडे वळले. "बघ, हितं येतोय."

मी पाटावर टेकले.

"घरवाली जैतून गेली तवापास्नं एकलाच हाय. फ्लॅटात दार लागलं की लागलं. पडलो-झडलो तर कुणाला कळायचं? घर नगं असं न्हाई, पोरी. लय हवंय. पर खोकला कुणाला तरी ऐकू यायला पायजे."

भिंती पातळ शोधत होता हा माणूस, आणि आम्ही त्याच्यासाठी त्या जाड करत गेलो! आता तर अख्खी चाळ उर्स्याला निघाली आहे. मावशीलाही तिथेच घर लागलंय. भाऊंनी सभासद केलेली ही माणसं गेली की पत्र्यापलीकडून चहा विचारणारं कुणी उरणार नाही.

म्हणून सभासदांनो, जे हात रविवारी वर केलेत तेच पुढच्या सभेत पुन्हा वर करा आणि तो ठराव मागे घ्या. ज्याच्या बोलण्यावर चार इमारती उभ्या राहिल्या, त्याला एक घर द्यायची आपली ऐपत आहे. उर्स्याला तळमजल्यावर, रखमामावशीच्या समोरचं. भिंती राहू द्या जाड. दारं तुमच्या हातात आहेत, ती दिवसा उघडी ठेवा. आणि भाऊ खोकले की असाल तिथून ओरडा, "आला, भाऊ!"