गुगलची पाहणी

सूर्यभानजींचा किशोर चांदूर बाजारला संत्र्याची कलमं तयार करून विकायचा. जमीन काळीभोर होती, कलमं झकास होती, पोरगा सुपारीसुद्धा खात नव्हता. पण या सगळ्या गुणांवर पाणी फिरवायला ‘शेती’ हा एक शब्द पुरेसा होता. ते दिवसच तसे होते. वऱ्हाडातल्या शेतीच्या बातम्या रोज पहिल्या पानावर यायच्या आणि त्या वाचून मुलींचे बाप शिपाई चालेल, पण शेतकरी नको, असं सांगून मोकळे व्हायचे.

अखेर अकोल्याच्या अपेक्षाचं स्थळ आलं. तिकडे शब्द चालायचा तिच्या मामाचा, खुशालरावांचा. त्यांनी मध्यस्थाकरवी निरोप धाडला, की मुलाची कंपनी गुगलवर पाहू, मग बोलू. त्यामुळे रोपवाटिकेची रातोरात ‘किशोर ॲग्रो इंटरनॅशनल’ झाली आणि अकोल्याच्या रय्यानकडे वेबसाइटचं काम गेलं. त्याने किशोरला टाय लावून फोटो काढला आणि खाली ‘सीईओ’ लिहिलं.

“फीत कापल्याबिगर कोणाले दिसली नाही पायजे बरं,” सूर्यभानजींनी फोनवर बजावलं.

“काका, वेबसाइटले फीत नसते.”

“दुकानाले असते, पाणपोईले असते, मुतारीले असते. इलेच काहून नसन?”

रय्यानने मुकाट्याने गुगलला आत येऊ न देणारं कुलूप लावलं. मग बाजार समितीच्या सभापतींनी तारीख दिली, मोडली, पुन्हा दिली. एकदाचे ते आले, तेव्हा नेमकी लाइट गेली. त्यांनी कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावरची फीत कापली, शेतकऱ्याने आधुनिक व्हावं असं सांगितलं आणि दोनदा पोहे घेऊन निघून गेले. त्या गोंधळात रय्यान कुलूप काढायचं विसरला.

मग मध्यस्थाचा फोन आला. “खुशालराव म्हणते, ज्यायचा गुगललेबी पत्ता नाही, त्यायच्या घरी आमी पोरगी कशी द्यावं?”

सूर्यभानजींनी लगेच रय्यानला धारेवर धरलं.

“चुकलं माह्यं, काका. आता काढलं कुलूप. गुगलचं मशीन येईन, सारं तपासून जाईन, मंग तुमचं नाव चढन.”

“कवा येईन?”

“त्याचा काही नेम नाही. आजबी येईन, महिन्यानंबी येईन.”

“मशीनसंगं माणूस कोन राह्यते?”

“कोनीच नाही, काका. नुसतं मशीन.”

सूर्यभानजींना रय्यानच्या कोवळ्या वयाची कीव आली. गारपिटीची, दुष्काळाची, बोंडअळीची, अशा सगळ्या पाहण्या त्यांनी पाहिल्या होत्या. मशीन आलं की त्याच्या मागे माणूस असतोच आणि त्या माणसाला पोहे लागतातच. त्यांनी अंगण सारवून घेतलं आणि किशोरला टाय लावून ओसरीवर बसवलं.

“अवो, तो गुगलवाला तिखट खाते काय?” किशोरच्या आईने, जमुनाबाईंनी विचारलं.

“फुकटचं सारंच खाते. पाहणीवाला हाय तो.”

एका दुपारी चष्मेवाले एक गृहस्थ बॅग घेऊन दारात उभे राहिले. “किशोर ॲग्रो इथंच काय जी? जरा पाहणी कराची होती.”

“या, या, साहेब! तुमचीच वाट पाहून राह्यलो आमी!”

सूर्यभानजींनी त्यांना नाव विचारलं नाही, कारण नाव विचारलं की पाहणीवाले बिथरतात. पाहुण्यांना पाट, हार आणि पोहे मिळाले. दोन घास खाल्ल्यावर ते म्हणाले, “तुमचं एक्स्पोर्टचं हापिस कुठी हाय?”

सूर्यभानजी जवळ सरकले. “साहेब, तुमच्यापासून काय लपवाचं? हापिस-गिफिस काही नाही. पोरगा शेतीच करते, अन् चांगली करते. अकोल्याची सोयरीक चालू हाय. पोरीचा मामा लय खडूस हाय म्हणते, गुगलवर पाह्यल्याबिगर हो म्हणत नाही.” त्यांनी हात जोडले. “तेवढं नाव चढवून द्या, बाप्पा. नाहीतं पोरगं बिनलग्नाचं राहीन.”

पाहुण्यांनी बशी खाली ठेवली. “तो खडूस मामा मीच होय. गुगलवर दिसलं नाही, म्हणून सोता पाह्याले आलो.”

आणखी पोहे घेऊन आलेल्या जमुनाबाई दारातच थिजल्या. किशोरने मात्र शांतपणे टाय काढला, चप्पल घातली आणि म्हणाला, “चाला मामाजी, कलमं दाखवतो.”

खुशालरावांनी सगळी रोपवाटिका फिरून पाहिली. पानं उलटी करून पाहिली, चार प्रश्न विचारले, चारही उत्तरं पटली. परत येऊन त्यांनी उरलेले पोहे संपवले.

“कलमं एक नंबर हाय. पोरगाबी गुणाचा हाय. पण शेतीत आमी पोरगी देत नाही, जी. राग नका मानू.”

सूर्यभानजींना राग आला होता आणि रडूही. खुशालराव दारापर्यंत गेले आणि तिथेच घुटमळले.

“तुमच्या त्या वेबसाइटवाल्याचा नंबर भेटन काय?”

“काहून?”

खुशालराव चष्मा पुसायला लागले. “माह्या पोराले पस्तिसावं लागलं. स्थळच येत नाही. तोबी शेतीच करते.”

सूर्यभानजींनी आत जाऊन रय्यानचा नंबर आणून दिला.

“घ्या,” ते म्हणाले. “फक्त उद्घाटन नका ठेवू.”