दहात तीन म्हणजे राजा

दार सताड उघडं आणि माझी लेक परी घरात नाही!

गॅस बंद केला की नाही तेही आठवेना, अनवाणीच जिन्याकडे पळाले. नवरा लांब शुऐब्याला कारखान्यात ड्युटीवर, या आखाती देशात येऊनही मला अरबी येत नाही, हाक तरी कुणाला मारू? तेवढ्यात खालून ओरडणं ऐकू आलं, "स्ट्राइक! हुकलो! पुन्हा!"

बाबलकाका!

काका खालच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. मालवणचे. पूर्वी अमेरिकन लोकांच्या कॅम्पात कपडे धुवायला होते. तिथे टीव्हीवर सारखा बेसबॉल. बोललेलं कळेना, म्हणून काका नुसते आकडे बघत बसले, आणि ते डोक्यातच बसले. आता सगळ्याचं ॲवरेज काढतात. आमची लिफ्ट? "दहादा बटण दाबला, चारदा इली. चाळीस टक्के. जिन्यान चल." शर्कच्या बाजारातला मासेवाला, जो ताजी ताजी म्हणून शपथा घेतो? "दहात दोनदाच ताजी. खेळातसून काढा, बाकार बसवा त्याका!"

परीला टक्के जमत नव्हते, रडायची. मी काय शिकवणार, मी दहावीला गणितातच गेले. काकांनी तिच्या हातात बॅट म्हणून लाटणं दिलं आणि मोज्यांचा गोळा करून तिच्याकडे फेकला.

"दहात किती लागले गो?"

"थ्री, काका."

"तीस टक्के! बेसबॉलात दहात तीन म्हणजे राजा!"

"काका, शाळेत तीसला नापास करतात हो."

"शाळेन कधी चेंडू मारल्यान, बाय?"

परी हसली, आणि टक्के यायलाच लागले की! पण काल नवरा म्हणाला, "एकट्या माणसाच्या घरी पोरगी नाही पाठवायची. बंद." आणि आज ही न विचारता पळाली. धाडधाड खाली उतरले, ओरडायला तोंड उघडलं, तर काकांच्या कानाला फोन. गावाला लेकीला लावला होता. वाजत राहिला, वाजत राहिला. बंद झाला.

"काका, लास्ट टेन कॉल्समध्ये फक्त टू उचलले," परी म्हणाली. "ट्वेंटी पर्सेंट."

बाई गं, हिच्या तोंडावर हात ठेवू का काय करू! काका मात्र हसले. "व्हय. पण गेल्या म्हयन्यात तीन लागलेले. तेवा राजा होतंय मी."

मग मी दिसले त्यांना. एकदम उभेच राहिले. दाराकडे बोट केलं. दाराला बुटाची पाचर मारलेली.

"दार उघडाच आसा, बाय. ती इली की मी लावणंय नाय."

मी काहीच बोलले नव्हते हो!

परीचं मनगट धरलं. मोज्यांचा गोळा घरंगळत पायाशी आला, तो उचलला. परी म्हणते, "मम्मा, वन मोअर, प्लीज." काका खाली बघतायत. माझ्या एका हातात पोरीचं मनगट, एका हातात तो गोळा.

तुम्ही असता तर कुठला हात सोडला असता?