उजव्या गालाचं दुखणं

चौपन्नाव्या वर्षी माणसाला काय काय होऊ शकतं, याची यादी चष्मेवाल्यांच्या मनात तयार होती. गुडघे, रक्तदाब, जिना चढताना लागणारी धाप. त्या यादीत मुरूम नव्हता. म्हणून एका सकाळी दाढी करताना उजव्या गालावर वाटाण्याएवढी लाल पुटकुळी दिसली, तेव्हा त्यांनी आधी आरसा पुसला. मग चष्मा पुसला. पुटकुळी जागची हलली नाही.

दुसरा कोणी असता तर दोन दिवस गाल लपवून हिंडला असता. चष्मेवाल्यांचा धंदाच तोंडाला तोंड भिडवायचा. नंबर काढायचा म्हणजे गिऱ्हाइकाच्या नाकापासून वीतभर अंतरावर आपलं नाक आणावं लागतं. त्या दिवशी एका आजोबांच्या डोळ्यांपुढे भिंग चढवून त्यांनी विचारलं, "आता स्पष्ट दिसतंय?"

"फार स्पष्ट," आजोबा त्यांच्या गालाकडे बघत म्हणाले. "या वयात हे काय काढलंत?"

घरी विचारावं तर घरात कोणी नव्हतं. बायको लेकीच्या बाळंतपणाला म्हणून परगावी गेली होती, ती दीड महिन्यात येणार होती, आणि त्याला आता पाच महिने झाले होते. आधी बाळाचं पोट दुखत होतं, मग लेकीची रजा संपली, मग बाळाला दात येऊ लागले. पुढे पुढे तर ती कारणही सांगेनाशी झाली आणि ह्यांनी ते विचारलंही नाही. विचारायचं म्हणजे 'ये' म्हणायचं. एकतीस वर्षांच्या संसारात चष्मेवाल्यांवर ते म्हणायची वेळच आली नव्हती, कारण बाई कधी कुठे गेलीच नव्हती. ते रोज सकाळी चहाला दोन कप काढत आणि एक परत ठेवून देत. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. आपल्याला कळलं, ते आपल्यापाशीच ठेवायचं.

संध्याकाळी साडेसातला तिचा फोन येई. बोलणं मोजून चार मिनिटांचं. जेवलात का, गॅस बंद केलात का, कुंड्यांना पाणी घातलंत का. पण फोन चालायचा चांगला वीस-पंचवीस मिनिटं. उरलेला वेळ कोणीच काही बोलत नसे. तिकडे बाळ कुरकुरायचं, एखादं भांडं पडायचं, आणि चष्मेवाले फोन गालाशी घट्ट दाबून ते सगळं ऐकत बसायचे. डावा कान लहानपणापासून अधू, तेव्हा सगळी भिस्त उजव्यावर. आधी फोन ठेवायला दोघंही तयार नसत.

पुटकुळीवर पहिला इलाज शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी सुचवला. टूथपेस्ट लावा, एका दिवसात बसते, असं त्या इतक्या ठामपणे म्हणाल्या की चष्मेवाल्यांनी ट्यूबमध्ये होती तेवढी सगळी थापली. तिसऱ्या दिवशी पुटकुळी होती तिथेच होती, वर भोवतालची कातडी जळून पापुद्रे सुटले होते, आणि शेजारी दोन नव्या पुटकुळ्या आल्या होत्या. तेव्हा मात्र त्यांनी फोनवर बायकोला सांगितलं. ती हसेल, म्हातारपणी हे काय म्हणेल, अशी त्यांची खात्री होती.

ती हसली नाही. उलट पोलिसासारखी चौकशी सुरू केली. तोंड पांढरं आहे की काळं? नुसती लाल आहे की आत पू दिसतो? दाबल्यावर ठणकते का? नखानं फोडली नाहीत ना? आणि टूथपेस्टचं ऐकल्यावर म्हणाली, "ते कशाला लावलंत? आधी गार वाटतं आणि तिसऱ्या दिवशी साल निघते."

"तुला कसं माहीत?"

"वाचलंय कुठेतरी," ती म्हणाली आणि घाईनं कोरफडीवर आली.

त्या दिवशी फोन पाऊण तास चालला. पाऊण तास, आणि सगळा बोलण्याचा. फोन ठेवल्यावर चष्मेवाल्यांनी आरशात गाल पाहिला आणि त्यांना त्या तीन पुटकुळ्यांविषयी एकदम माया वाटली.

तिथून पुढे माणूस कामातूनच गेला म्हणा ना. रोज साडेसातला काहीतरी नवीन सांगायला हवं, म्हणून त्यांनी मुरुमांचा अभ्यास आरंभला. दुकानातलं सगळ्यात मोठं भिंग घरी आणलं. छिद्राचं तोंड उघडं राहिलं तर काळा ठिपका, बंद राहिलं तर पांढरा, सूज आली की लाल पुटकुळी, पू धरला की पिवळ्या टोकाची, आणि खोल आत बसून ठणकणारी, जिला तोंडच नसतं ती गाठ. सोमवारी दोन काळे ठिपके. बुधवारी एक पांढऱ्या तोंडाची. शुक्रवारी हनुवटीपाशी गाठ आली, तेव्हा त्यांचा आवाज असा काही भरून आला की लेकीला दुसरं मूल झाल्याची बातमी देताहेत असं वाटावं.

बायको तिकडून उंटावरून शेळ्या हाकत होती. केसांचं तेल बंद. उशीचा अभ्रा रोज धुतलेला. तोंड दोनदाच धुवायचं, घासायचं नाही. चष्मेवाले सगळं इमानानं करत होते, कारण केलं नाही तर दुसऱ्या दिवशी सांगणार काय? फोन सव्वा तासावर गेला. पुटकुळ्या बारा झाल्या. एकदा ते म्हणालेही, की व्हिडिओवर बोल, तुला दाखवतो. ती म्हणाली, नको, इकडे दिवा मंद आहे.

इकडे दुकानात मात्र कठीण होत चाललं. एका बाईंनी भिंगाच्या खुर्चीतून मुलीला मागे ओढलं, संसर्ग होईल म्हणून. मुरूम असा उडून लागत नाही, हे चष्मेवाल्यांना आता पुरतं ठाऊक होतं, पण गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार? त्यांनी तोंडाला मास्क लावला. मास्कमुळे श्वास वर गेला, श्वासामुळे त्यांच्याच चष्म्यावर वाफ धरली, आणि त्या वाफेतून त्यांनी शिंपीमास्तरांच्या डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला आणि उजव्याचा डाव्याला लिहिला. आठवड्यानं शिंपीमास्तर आले ते एक पँट घेऊन. तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा चार बोटं आखूड होता.

"माझ्या हातून चाळीस वर्षांत अशी पँट झाली नाही," ते म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पँटकडे बघत राहिले.

चष्मेवाल्यांनी भिंगं फुकट बदलून दिली आणि संध्याकाळी फोनवर हेही सांगून टाकलं. तेव्हा बायकोचा धीर सुटला. उद्याच्या उद्या त्वचेच्या डॉक्टरकडे जा, नाहीतर मी फोन करणार नाही, असं तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी चष्मेवाले दारात उभे होते.

डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या होत्या. त्यांनी आधी उजवा गाल पाहिला, मग डावा, मग परत उजवा. मळामुळे हे होत नाही, त्या म्हणाल्या, कातडीचं तेल छिद्रात अडकतं, जंतू वाढतात, सूज येते, आणि ते कुठल्याही वयात होऊ शकतं. "पण तुमचा डावा गाल कोरा आहे. उजव्यावर कानापासून हनुवटीपर्यंत सरळ पट्टा. फोन कुठल्या कानाला धरता?"

"उजव्या."

"किती वेळ?"

"हल्ली सव्वा तास. रोज."

"दाबून?"

"आवाज लांबून येतो हो," चष्मेवाले म्हणाले.

दाब, घाम आणि घासणं, हेच कारण, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला असा प्रकार चालला होता. पुटकुळीसाठी फोन लांबत होता आणि फोनसाठी पुटकुळ्या वाढत होत्या. कोणाशी बोलता, हेही त्यांनी विचारलं. बायकोशी, हे उत्तर ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि लग्नाला किती वर्षं झाली ते विचारून घेतलं. मग स्पीकर सुचवला. भिंत पातळ, मास्तरीणबाई ऐकतात. डावा कान सुचवला. तो अधू.

"मग मलम देते," त्या म्हणाल्या, "पण फोन कमी करावा लागेल."

घरी येताना चष्मेवाल्यांनी पक्कं ठरवलं की तेलामुळे झालं म्हणून सांगायचं. साडेसातला फोन आला. त्यांनी तोंड उघडलं आणि खरं तेच बाहेर पडलं. खोटं बोलायची सवय हवी, ती त्यांना नव्हती.

पलीकडे बाळ कुरकुरत होतं.

"मग ठेवू का?" बायकोनं विचारलं.

"नको," चष्मेवाले म्हणाले. मग एकतीस वर्षांचं साचलेलं एकदम आलं. "गालाचं जाऊ दे. मला हे फोनवर पुरत नाही. घर खायला उठतं. तू ये."

फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गाल निवळत चालला आणि चष्मेवाले हिरमुसत चालले. आपण भलतंच बोललो, असं त्यांना वाटत राहिलं. भिंगातून बघायला आता एक गाठ तेवढी उरली होती आणि सांगायला कोणी नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी दार वाजलं. बायको उभी होती. हातात बॅग, तोंडाला धुळीसाठी बांधावा तसा रुमाल.

"अगं, कळवलं तरी असतंस."

"फोन करायचा नव्हता."

"आणि इतके दिवस का नाही आलीस?"

"तुम्ही ये म्हणाला होतात का?" ती बॅग आत घेत म्हणाली. "मला वाटलं, तुमचं छान चाललंय माझ्यावाचून."

मग तिनं रुमाल सोडला. उजवा गाल स्वच्छ होता. डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत सरळ पट्टा. काळ्या, पांढऱ्या, लाल, सगळ्या जातीच्या पुटकुळ्या, आणि मध्ये टूथपेस्टनं जळालेला जुना डाग.

चष्मेवाल्यांचा हात पुढे गेला. "कधीपासून?"

"तुमच्या आधी पंधरा दिवस. हात लावू नका, ठणकतं."

संध्याकाळ झाली. ती स्वयंपाकघरात होती, हे बाहेरच्या खोलीत. जेवलात का विचारावं तर स्वयंपाक अजून व्हायचा होता, आणि कुंड्या तर समोरच होत्या. फोनवर रोज सव्वा तास बोलणारी माणसं एकमेकांसमोर गप्प झाली होती. बरोबर साडेसातला स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला.

"कोण?" तिनं विचारलं.

"मी बोलतोय," बाहेरच्या खोलीतून चष्मेवाले म्हणाले. "फोन उजव्या कानाला धर हां."

"धरलाय. तुम्ही?"

"डाव्या. पण काही ऐकू येत नाही, जरा मोठ्यानं बोल."

"मास्तरीणबाईंना ऐकवायचंय का सगळं?" ती म्हणाली. तिनं फोन बंद केला, गॅस बारीक केला, आणि बाहेर येऊन त्यांच्या उजव्या बाजूला बसली.