टेस्ट राइडची पूजा

भूपेंद्रने मोटरसायकल घ्यायची ठरवलं, इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते त्याने अभ्यास करून घ्यायची ठरवल्यावर.

मोहाडीत त्याचं हातमागाच्या साड्यांचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की (म्हणजे बहुतेक वेळ) हा मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघत बसायचा. दोन गाड्यांवर जीव जडला होता. दोन्ही नव्याकोऱ्या, पण तोंडवळा जुन्या जमान्यातला: गोल हेडलाइट, फुगीर टाकी, धडधड आवाज. एक भारी, एक जरा हलकी. पुढे पुढे तर तो साडी घ्यायला आलेल्या बाईच्या नवऱ्याला धरून टॉर्क समजावून सांगायला लागला, आणि बाई कंटाळून दुसऱ्या दुकानात जायची. त्याचा निकाल पक्का होता, हलकीच घ्यायची. भारीवर बसलं की त्याचे पाय जमिनीला पोचत नव्हते, हे खरं कारण. लोकांना मात्र तो 'वेट डिस्ट्रिब्यूशन' सांगे.

घरात त्याच्या खरेदीला काडीची पत नव्हती. त्याने पारखून आणलेला कूलर गरम वारा फेकायचा, आणि मिक्सर लावला की शेजारी काय पडलं म्हणून धावत यायचे.

"हे शेवटचं हाय," त्याची बायको रंजिता म्हणाली. "गाडी चांगली निघाली तं ठीक. नाई तं यापुढं या घरात वस्तू मी घेत जाईन, तुम्ही फक्त उचलून आणा."

झालं, इज्जतीचाच सवाल!

आठवडी बाजारात दोन्ही कंपन्यांनी समोरासमोर मंडप टाकले. कोणीही यावं, गाडी चालवून पाहावी. भूपेंद्रचा बेत असा, की आधी भारी गाडी घरी न्यायची, रंजिताला मागे बसवून तिच्या तोंडून "नोको बाप्पा" वदवून घ्यायचं, आणि मग हलकी न्यायची. सेल्समन वीरेंद्र मागे बसला आणि भूपेंद्र चवड्यांवर तोल सांभाळत निघाला.

दारात त्याची आई कौशल्याबाई उभ्या होत्या. गाडी दिसताच त्या आत पळाल्या आणि पूजेचं ताट घेऊनच बाहेर आल्या.

"आई, थांब! माझी नोहे ही. घेतली नाई अजून."

कौशल्याबाईंनी डोळे मिचकावले. "समजलं मले. नजर लागू नये म्हून असंच सांगाचं असते."

"अवं, खरंच सांगून राहिलो!"

"हो हो, खरंच. मोठ्यानं सांग, शेजारची सत्यभामाबाई आयकून राहिली."

टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, हँडलला झेंडूचा हार चढला, चाकांखाली लिंबं गेली, नारळ फुटला. भूपेंद्र जितक्या जोराने "माझी नाही" म्हणे, तितकी गल्ली त्याच्या साधेपणाचं कौतुक करी. वीरेंद्रलाही टिळा लागला. मुलीच्या बापासारखा तो गहिवरून उभा होता, पण खरं काय ते सांगायला काही त्याने तोंड उघडलं नाही.

गर्दी पांगल्यावर भूपेंद्रने आईला आत नेऊन टेस्ट राइड म्हणजे काय ते समजावलं. पाहायला आणायची, पसंत नाही पडली तर वापस.

"वापस?" कौशल्याबाई मटकन खाली बसल्या. "पोरगी पाहाले गेला अन् हळद लावून सोडून आला, असं असते का कुठं? आता हीच घ्याची. हिच्यासारखी दुसरी नाई, हीच!"

"काकू, हा डेमो पीस हाय," वीरेंद्र म्हणाला. "पण तुमच्यासाठी साहेबांले विचारतो."

फोनवर साहेब इतक्या चटकन हो म्हणाले, की भूपेंद्रला तिथेच शंका यायला हवी होती. (अभ्यासात हा धडा नव्हता.)

पुढच्या आठवड्यात त्याच गाडीवर रंजिताला मागे बसवून तो करडीला सासुरवाडीला निघाला. वाटेत चहाच्या टपरीवर एकाने गाडीला ओळख दिली. "भाऊ, हिचा क्लच उशिरा धरते."

"तिसरा गिअर लाथ मारल्याबिगर पडत नाई," दुसरा म्हणाला.

"तुमाले कसं मालूम?"

"बाजारात चालवून पाह्यली ना गा! साऱ्यायनंच पाह्यली!"

करडीच्या तलावाच्या बांधावर गाडी बंद पडली. चढावर भूपेंद्रचे पाय टेकेनात आणि गाडी कलायला लागली. तेवढ्यात त्या दुसऱ्या, हलक्या गाडीवर, चकचकीत नव्या, एक जण आला. दोन्ही पाय ऐटीत जमिनीवर टेकून तो उतरला आणि त्याने भूपेंद्रला गाडीसकट सावरलं.

"ओळखलं नाई का भाऊ? मी मंगरू. या तलावात मासे मारतो. साडी घ्याले आलो होतो तं तुम्ही घंटाभर समजावलं, भारीवाली बिलकुल नोको, हलकीच घे म्हून. घेतली. एक नंबर गाडी हाय!" मग भूपेंद्रच्या गाडीकडे बघून त्याने काळजीने विचारलं, "अन् ही कोणाची मागून आणली?"

भूपेंद्र हँडलवरचा वाळलेला झेंडूचा हार नीट करायला लागला.

रंजिताने पदर सावरला. "मंगरूभाऊ, तुमच्या घरी फ्रिज कोणता हाय?"

"घ्याचाच हाय वैनी. भाऊलेच विचारणार होतो."

"विचारा ना. हे सांगतीन तोच घ्या," रंजिता म्हणाली. "अन् येतानी आमच्यासाठीही तसाच एक तुम्हीच घेऊन या."