रऊफ मास्तरांचं बिनजोड घर

रऊफ मास्तरांनी आपल्या घराला नाडा घातला. हे मी गमतीनं म्हणत नाही. पायजम्यात घालतात तोच नाडा. छतावरच्या टाकीपासून एक निळा, जिन्यावरून उतरून बैठकीच्या कडेकडेनं मोरीत आणि स्वयंपाकघरात गेलेला. गीझरपासून निघालेला एक लाल, गरम पाण्याचा. भिंतीवर शिंपीकामाच्या खडूनं जागोजागी बाण. मी आत पाऊल टाकलं तेव्हा मास्तर ओट्याखाली उकिडवे बसून निळ्या नाड्याचं टोक हळूहळू ओढत होते.

"काय करून राह्यले मास्तर?"

"पाहून राह्यलो, कुठं अडकते का. नाडा अडकला तिथं पाणीबी अडकन."

रिसोडच्या आमच्या गल्लीत मास्तर दोन. मी शाळेत मराठी शिकवतो, ते शर्ट-पायजमे शिवतात. "ओ मास्तर!" अशी हाक आली की दोघंही वळून पाहतो आणि काम बहुतेक त्यांच्याकडेच निघतं. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. "एका गल्लीत दोन मास्तर म्हंजे एका पायजम्यात दोन माणसं. आजपासून तुमी सर."

जुने लोखंडी पाइप उपसून घर नीट करायचं ठरलं आणि मास्तरांना हार्डवेअरच्या दुकानात तो लवचीक प्लास्टिकचा पाइप दिसला. गुंडाळीनं मिळणारा, म्हणाल तसा वळणारा. ते प्रेमातच पडले. आपल्या शिंपीदुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेता घेता हात वर करायला लावून विचारायचे, "बाही कुठं फाटते? कोपरात. पाइपबी कोपरातच फुटते. तो एल्बो लावतात ना, तो दुश्मन हाये घराचा. टाकीपासून नळापर्यंत एकच तुकडा पायजे. जोड नाही पायजे!"

जन्मभर कापडाला कापड जोडून पोट भरलेला माणूस जोडाचा असा वैरी व्हावा, याची गल्लीला मोठी मौज वाटे. पुढे पुढे ते माणसांनाही पाइपाच्या हिशेबानं मोजू लागले. चिडका माणूस दिसला की "एल्बो हाये बावा", आणि कुणाशीही जुळवून घेणारा दिसला की "गुंडाळीतला माल!" मी कोणत्या वर्गात, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

पाइप आला, पण गुंडाळीत राहून त्याला गोल बसायची सवय लागलेली. उलगडला की पुन्हा वेटोळं. मास्तरांनी तो सकाळच्या कोवळ्या उन्हात गल्लीत लांबवर पसरला, वर दुकानातल्या जड इस्त्र्या ठेवल्या आणि इस्त्र्या पुरेनात तशी माणसं ठेवली. मीही चहाचा कप घेऊन एका टोकावर बसलो. केनवडचा विठ्ठल प्लंबर मोटारसायकलवरून आला तो हे पाहून जागीच थांबला.

"कोणाची पंगत हाये?"

"पाइप सरळ करून राह्यलो," मास्तर म्हणाले.

"त्याले जास्त ऊन दाखवू नका, खराब होते. अन् सरळच पायजे होता तर वळनारा कायले घेतला?"

तरी काम सुरळीत चाललं. विठ्ठल कुरकुरत होता, मास्तर गळ्यात टेप अडकवून त्याच्यामागं फिरत होते. अडलं ते स्वयंपाकघरात. नवा ओटा आणि नळ जिथं घ्यायचा म्हणून मास्तरांनी खडूची रेघ मारली होती, ती विठ्ठलच्या मांडीशी येत होती.

"इतका खाली? बालवाडी हाये का मास्तर ही?"

"रेघ मारली तिथंच."

"लोक म्हन्तीन, विठ्ठलले काम येत नाही."

"म्हनू दे."

विठ्ठलनं पाना पिशवीत टाकला आणि अंगणात जाऊन बसला. मध्यस्थी करायला मी आत गेलो. मास्तर एका स्टुलावर बसून रेघेकडे हात लांबवत होते. हात पोचला, तरी त्यांनी ती पुसून किंचित खाली मारली.

"तिचा हात माह्यापेक्षा आखूड हाये," ते भिंतीकडेच बघत म्हणाले.

मास्तरांच्या पत्नी नसीमभाभी मोरीत घसरून पडल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून त्या मंगरूळपीरला लेकीकडे होत्या. वॉकर घेऊन चालत, पण फार वेळ उभं राहवत नसे. हे गल्लीला ठाऊक होतं. पुढचं कुणाला ठाऊक नव्हतं.

"मोरीतल्या जुन्या पाइपाचा सांधा गळून राह्यला होता, सर. ती रोज म्हने, दुरुस्त करा. म्या दुकानातली चिंधी बांधली अन् म्हटलं, पाहू उद्या. त्याच पान्यावर पाय घसरला तिचा." जरा वेळ ते खडू बोटांत फिरवत राहिले. "आता म्हन्ते, पलंगावर बसून तुमाले पानी मांगन्यापरीस लेकीकडंच बरी. मांगायची सवय नाही ना तिले."

"मग एकदा बोलावून माप घ्या ना त्यांचं."

"माप?" मास्तरांना हसू आलं. "निकाह झाला तवापासून तिचे कपडे मीच शिवतो, सर. बसल्यावर हात कुठवर जाते, ते मले पाठ हाये."

मी बाहेर येऊन विठ्ठलला सगळं सांगितलं. तो पिशवी उचलून उठला. आत गेला आणि रेघेवर छिन्नी धरली.

भाभी आल्या त्या दिवशी विठ्ठल मुद्दाम थांबला होता. लेकीनं त्यांना हळूच स्टुलावर बसवलं. समोर बुटका ओटा, समोर नळ. भाभींनी जागेवरून न हलता हात पुढे केला आणि तोटी फिरवली. पाणी आलं. त्यांनी एक कप विसळला. मग दुसरा. मग फळीवरचे धुतलेले कपही मागून घेतले आणि एकेक विसळून पालथे घालू लागल्या.

"भाभी, झालं टेस्टिंग, बंद करा आता," विठ्ठल म्हणाला. "टाकी खाली होऊन राह्यली. नळ कधी येतीन, भरोसा नाही."

मास्तर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. गळ्यातला टेप दोन्ही मुठींत घट्ट धरलेला.

"होऊ दे खाली," ते म्हणाले.