पत्रिकेत आप्पासो नाहीत

"पत्रिकेत माझं नाव न्हाई. मग लग्नाला मी कोन म्हनून यायचं?"

एवढं विचारून आप्पासोंनी फोन आपटला आणि कुंडलच्या निवृत्त सुभेदार नाथाजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाथाजी विधुर. लेकीचं, राजेश्वरीचं कन्यादान थोरले भाऊ आप्पासो आणि अंजनावहिनीच करणार होते. लग्न तोंडावर आलेलं. लग्नात जेवण कमी पडलं तर भावकी पोटात घालते. पत्रिकेत नाव राहून गेलं तर मुळीच नाही.

नाथाजींनी मोबाइलवर पत्रिका उघडली. सगळं इंग्रजीत. नवरा-नवरी, तारीख, कार्यालय, एवढंच; भावकी गायब. त्यांनी पत्रिकेची वेबसाइट बनवणाऱ्या साताऱ्याच्या धवलला फोन लावला.

"तुला समदी नावं लिहून दिली व्हती का न्हाई?"

"काका, मराठी पानावर सगळी आहेत. इंग्रजी पान राजेश्वरीच्या ऑफिसवाल्यांसाठी छोटं ठेवलंय. ज्याचा फोन मराठीत, त्याला सर्व्हर मराठी पान देतो."

"आप्पांचा फोन मराठीतच हाय."

धवलने तपासलं. "जो पहिला उघडेल त्याला दिलेलं पान सर्व्हर साठवतोय आणि पुढं सगळ्यांना तेच देतोय. साठवलेलं पुसलं. आता बघा."

नाथाजींनी लगेच बघितलं. इंग्रजी. मागोमाग चुलतभाऊ नानासोंनी उघडलं, त्यांनाही इंग्रजी, तेही रुसले. नाथाजींनी धवलचा उद्धार केला. धवल पुसत होता, नाथाजी तत्काळ उघडत होते, आणि दुपारपर्यंत निम्मी भावकी फुगून बसली.

"काका, तुमचा फोन इंग्रजीत आहे का हो?"

"पल्टनीत असताना घेतलाय. इंग्रजीतच असनार."

"मग दर वेळी तुम्हीच पहिले उघडताय आणि गावाला इंग्रजी वाढताय. फोन मराठीत करा."

"मराठीत मला त्यातलं काय घावत न्हाई. तुझा सर्व्हर नीट कर."

नाथाजींचा राग आणखी चढला, कारण आता तो कुणावर काढावा हेच समजेना. धवलने निमूटपणे सर्व्हरला दोन्ही भाषांची पानं वेगवेगळी साठवायला लावली.

संध्याकाळी आप्पासो स्वतः आले. "नाव दिसलं बाबा. अंजनाच्या फोनात हाय, नानाच्यात बी हाय. उगंच तापलो."

नाथाजींना भरून आलं. "आवं आप्पा, तुमच्याबिगर पोरीचं लगीन व्हईल का?" म्हणत ते चहा टाकायला आत गेले. मोबाइल बाहेर कॉटवरच राहिला.

ते कप घेऊन आले, तेव्हा आप्पासो चष्मा लावून त्याच मोबाइलवरची पत्रिका बघत होते.

"समद्यांच्या फोनात मी हाय, नाथा," ते म्हणाले. "तुझ्याच न्हाई."

आणि चपला शोधायला लागले.